नाळेतली साखर

आमच्या बीदर जिल्ह्यात नाळेला तीन नावे आहेत. मराठी घरात ती नाळ. शेजारच्या कन्नड घरात ती होक्कुळबळ्ळी, म्हणजे बेंबीची वेल. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या चाचींच्या दखनीत ती नाल. "हमारी नाल इदरिच गडी है" असे चाची ठणकावून सांगतात, तेव्हा त्यांना या मातीवरचा आपला हक्क सांगायचा असतो. पोटच्या लेकराला कन्नडमध्ये 'करुळिन कुडी' असेही म्हणतात. करुळ म्हणजे आतडे आणि कुडी म्हणजे कोवळा कोंब. आपण मराठीत 'आतड्याची माया' म्हणतो, त्याच वळणाचा हा शब्द.

सीमाभागातल्या आपणा मराठी माणसांना तर नाळ हा शब्द जरा जास्तच प्रिय. वाचनालयाचा वर्धापनदिन असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो, वक्ता उभा राहिला की पाच मिनिटांच्या आत 'आमची नाळ मराठीशी जोडलेली आहे' हे वाक्य येतेच. भाल्की तालुक्यात तीस वर्षे मास्तरकी केली, त्यामुळे हे वाक्य मी किती वेळा ऐकले याची गणती नाही. पण ज्या नाळेवरून ही उपमा घेतली ती खरी नाळ असते कशी, तिच्यात काय असते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. मलाही तशी वेळ आली ती माझ्या सुनेच्या पहिल्या खेपेला, सहाव्या महिन्यात तिच्या रक्तात साखर वाढलेली निघाली तेव्हा.

माझ्या आजीच्या वेळी बाळंतपण घरीच होई. सुईण, म्हणजे कन्नडमधली सूलगित्ती, यायची. नाळ कापून ती वारेसकट परसात किंवा न्हाणीच्या कोपऱ्यात खड्डा करून पुरायची आणि कुत्र्यामांजरांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवायची. पुढे घराच्या वाटण्या झाल्या तरी 'माझी नाळ इथं पुरलीय' हे वाक्य भावाभावांच्या भांडणात सातबाराइतके वजन राखून असे. आता बाळंतपणे दवाखान्यात होतात. नाळ आणि वार पिवळ्या पिशवीत जातात. जैविक कचऱ्याचा तसा नियम आहे आणि तो योग्यच आहे. मात्र त्या पिशवीत जाणारी वस्तू नऊ महिन्यांचा हिशेब अंगावर बाळगून असते, हे मला माझ्या भाच्याने दाखवले.

हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. कलबुर्गीच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवतो. (जुने वाचक अजून गुलबर्गाच म्हणत असतील, १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री कलबुर्गी झाले.) सुनेची बातमी कळली तेव्हा मी त्याच्याकडे गेले. मला वाटले, तो औषध सांगेल. त्याने मला प्रयोगशाळेत नेले आणि एका बरणीतली नाळ दाखवली.

"मावशी, ही बघ. साधारण हातभर लांब असते. पन्नास-साठ सेंटिमीटर धर."

दोरी पिळावी तशी ती पिळलेली होती. आडवी कापलेली चकती त्याने भिंगाखाली धरली. मध्ये तीन भोके. दोन लहान, एक मोठे. मोठी ती नीला. वारेतून आलेले प्राणवायूचे आणि अन्नाचे शुद्ध रक्त ती बाळाकडे नेते. लहान दोन त्या रोहिणी. बाळाने वापरलेले रक्त त्या वारेकडे परत नेतात. एरवी शरीरात शुद्ध रक्त रोहिणीत आणि अशुद्ध नीलेत असे आपण मुलांना शिकवतो. इथे सगळे उलटे. आणि या तिन्हींच्या भोवती पांढुरका, चकचकीत, बुळबुळीत गर.

"हा गर म्हणजे व्हार्टनची जेली," भाचा म्हणाला. "बाळंतिणीला तू आळीव भिजवून देतेस ना? भिजलेल्या आळिवाभोवती कसा चिकट थर धरतो, तसाच समज."

थॉमस व्हार्टन हा सतराव्या शतकातला इंग्रज वैद्य. शरीरातल्या ग्रंथींवर त्याने १६५६ साली एक लॅटिन ग्रंथ लिहिला, त्यावरून या गराला त्याचे नाव पडले. गराचे काम मोठे आहे. पोटात बाळ कोलांट्या मारते, नाळेला पीळ बसतो, कधी ती बाळाच्या गळ्याभोवतीही येते. अशा वेळी आतल्या वाहिन्या दबू नयेत म्हणून हा गर गादीसारखा भोवती असतो. त्यात पाणी पुष्कळ आणि ते पाणी धरून ठेवणारे हायल्युरॉनिक आम्लासारखे लांबलचक रेणू. मधून कोलॅजेनच्या तंतूंची जाळी, आणि जाळीत चांदण्यांच्या आकाराच्या पेशी. वेदना पोचवणाऱ्या नसा नाळेत नसतात. म्हणून ती कापली तरी आईला दुखत नाही आणि बाळालाही नाही. बाळ रडते ते दुसऱ्या कारणाने.

मग त्याने सूक्ष्मदर्शकाखाली दोन काचपट्ट्या आळीपाळीने लावल्या. पहिलीत गुलाबी तंतूंची जाळी एकसारखी विणलेली होती, आपल्याकडच्या खाटेच्या नवारीसारखी. दुसरीत मात्र तंतू लांब-लांब सरकले होते आणि मध्ये मोठ्या रिकाम्या जागा दिसत होत्या. जुन्या घोंगडीत कसर लागावी तसे ते दिसले.

"ही दुसरी नाळ कुणाची?" मी विचारले.

"गरोदरपणात साखर वाढलेल्या आईची. अशा मातांची नाळ पुष्कळदा जाड भरते. गर फुगलेला, पाणी जास्त, वाहिन्या रुंदावलेल्या. तिथल्या भिंतीतून झिरपणेही वाढलेले असते."

सोनोग्राफी करणाऱ्यांनाही हे दिसते. १९९७ साली इस्रायलमधल्या दोघा डॉक्टरांनी गरोदर स्त्रियांच्या नाळेची जाडी सोनोग्राफीवर मोजली. ज्यांना गरोदरपणातला मधुमेह होता त्यांच्या नाळा जाड निघाल्या आणि ही वाढ मुख्यतः गराची होती. गेल्या काही वर्षांत या गरातल्या पेशी काढून काचपात्रात वाढवून पाहिल्या गेल्या. साखरवाल्या मातांच्या नाळेतल्या पेशी काही प्रयोगांत सावकाश वाढल्या आणि लवकर म्हाताऱ्या झाल्या. बाळ जन्मायच्या दिवशी जी वस्तू जेमतेम नऊ महिन्यांची, तिच्यातल्या पेशींना म्हातारपण! हे ऐकून माझ्या पोटात कालवले. भाच्याने ते ओळखले.

"मावशी, घाबरू नको. जाड नाळ दिसली म्हणजे साखर असतेच असं नाही, आणि नाळ बारीक म्हणजे सगळं ठीक असंही नाही. साखर किती चढली, किती दिवस चढलेली राहिली, त्यावर हे कमी-जास्त होतं. आणि साखर आटोक्यात ठेवता येते."

ती वाढते का, हेही त्याने सांगितले. गरोदरपणाच्या मध्यावर वारेतून काही संप्रेरके आईच्या रक्तात येतात. त्यांच्यामुळे आईचे इन्सुलिन पूर्वीसारखे काम करीत नाही. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून वेळ निभावून नेते. काहींचे तेवढे पुरे पडत नाही आणि साखर चढते. यात गोड खाल्ल्याचा दोष शोधत बसणे अन्यायाचे आहे. आमच्या गल्लीत तर लगेच कुजबूज झाली, "डोहाळ्यात पेढे खाल्ले असतील." सुनेला पेढे आवडतच नाहीत.

आता खरी गंमत, किंवा खरे संकट म्हणा. आईच्या रक्तातली साखर वारेतून, नाळेतून बाळाकडे जाते. उंचावरचे पाणी सखल भागाकडे जावे इतक्या सहज. आईचे इन्सुलिन मात्र वार ओलांडून जात नाही. म्हणजे माल पलीकडे गेला, पण तो सांभाळणारा माणूस अलीकडेच अडला. मग बाळाला आपल्या चिमुकल्या स्वादुपिंडातून स्वतःचे इन्सुलिन जास्त काढावे लागते. कोपनहेगनचे डॉ. जॉर्गन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात हे मांडले आणि अजून ते टिकून आहे. बाळाच्या अंगात इन्सुलिन हे वाढीचेही द्रव्य आहे. म्हणून अशी बाळे कधी गुटगुटीत, खांद्याला रुंद होतात आणि बाळंतपणात अडतात. लोक म्हणतात, "काय गोंडस बाळ आहे!" त्या गोंडसपणाची दुसरी बाजू त्यांना ठाऊक नसते.

धोक्याची रेघ कुठे, हाही प्रश्न सोपा नाही. नऊ देशांतल्या २३ हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांचा एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाळाची नाळ कापल्यावर नाळेतले रक्त घेऊन बाळाने किती इन्सुलिन बनवले याचा अंदाज घेतला होता. आईची साखर जसजशी वर, तसतसे बाळाचे वजन आणि नाळेच्या रक्तातली ही खूण वर. अमुक आकड्यापर्यंत निर्धास्त आणि त्याच्या पुढे संकट, अशी सीमारेषा कुठे सापडली नाही. सीमेवर जन्म काढलेल्या मला हे लवकर पटले. नकाशात रेघ असते. जमिनीवर शेत सलग असते.

हे दूरदेशीचे झाले. आपल्या मराठी मुलखातले काम याहून मोलाचे आहे आणि त्याची माहिती आपल्या घराघरांत असायला हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, भाकरी-भाजी खाणाऱ्या या बायका. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोच्या घरातली. वजन, उंची, पोटाचा घेर सगळ्यात आपली बाळे लहान. पण कातडीखालच्या चरबीत मात्र ती फारशी मागे नव्हती. हाडामांसाने कृश आणि चरबीने भरलेली. पुढे २००२ साली पुण्याकडच्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतल्या रक्ताची तुलना प्रसिद्ध झाली. वजनाचा हिशेब धरता आपल्या लहानखुऱ्या बाळांच्या नाळेत इन्सुलिन जास्त निघाले.

म्हणजे आपल्या सडपातळ लेकीसुनांनाही ही तपासणी हवी. 'आमची पोर तर काडीसारखी, तिला कुठली साखर' हे बोलणे सोडले पाहिजे. आपल्याच राज्यात म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात १९९७-९८ मध्ये गरोदर स्त्रियांची साखर तपासली, तेव्हा शंभरात सहा जणींना हा मधुमेह सापडला. त्या मातांच्या मुली पाच वर्षांच्या झाल्यावर तपासल्या तर त्यांच्या अंगात इतर मुलींपेक्षा चरबी जास्त आणि साखर पाजल्यावर इन्सुलिनही जास्त. साखर नाळेतून जाते आणि नाळ कापल्यावरही तिची खूण मुलीत उरते. उद्या ती मुलगी आई होणार असते.

तपासणी अवघड नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी आपल्या देशाच्या रीतीला सोयीची पद्धत रूढ केली. उपाशी यायला नको. आल्या वेळी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. आकडा १४० किंवा त्याच्या वर असला की उपचार सुरू. पहिल्या भेटीत एकदा आणि चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत पुन्हा एकदा. दूरच्या तांड्यावरून एसटी बदलत येणाऱ्या बाईला 'उद्या उपाशी ये' सांगितले तर ती उद्या येत नाही, हे ज्याने ओळखले तो मोठाच डॉक्टर. केंद्र सरकारनेही आपल्या मार्गदर्शक सूचनांत हीच पद्धत घेतली आहे.

सुनेचा आकडा १६८ आला. डॉक्टरीणबाईंनी आधी आहार आणि चालणे सांगितले. दोन आठवड्यांत जेवणानंतर दोन तासांचा आकडा १२० च्या खाली आला तर ठीक, नाहीतर औषध किंवा इन्सुलिन. आमच्या घरी मग भात कमी झाला. एका वेळी ताटभर जेवण्याऐवजी थोडे थोडे पाच-सहा वेळा. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, कलबुर्गीकडच्या तुरीचे घट्ट वरण, ताक. संध्याकाळी मी आणि ती किल्ल्याच्या बाजूला चालायला जायचो. आकडे ११०, ११४ असे येऊ लागले. चाचींनी तिच्यासाठी खास बिनसाखरेच्या शेवया पाठवल्या. त्या काही चांगल्या लागल्या नाहीत, पण तिने सगळ्या खाल्ल्या.

आठव्या महिन्यात ती माहेरी गेली. पहिली खेप माहेरी, ही आपली रीत. माहेर उदगीरच्या बाजूचे. इथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण दोष कुणा एका माणसाचा नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, त्यापूर्वी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके आमच्याच बीदर जिल्ह्यात होते. निजामाच्या राज्यात एका जिल्ह्यात नांदलेली माणसे एका दिवसात दोन राज्यांची झाली. लग्ने मात्र पूर्वीसारखीच होत राहिली. भाल्कीची लेक निलंग्याला, देवणीची लेक औरादला. सोयरिकीने कधी सीमा मानली नाही. कागदांनी मानली.

कर्नाटकात गरोदर बाईला 'तायी कार्ड' मिळते. तायी म्हणजे आई. वजन, रक्तदाब, रक्त, साखर सगळी नोंद त्यात. छापील मजकूर कन्नड. ते कार्ड घेऊन सून माहेरी गेली. माझ्या विहीणबाईंना मी फोनवर आकड्यांसकट सांगितले होते. त्यांनी ऐकले, पण त्यांच्या मनात मधुमेह म्हणजे म्हाताऱ्यांचा, पायाला जखम होणारा, रोज गोळी लागणारा. "बाळंत झाली की जातंच ना ते, विहीणबाई? मग आत्ता दोन जिवांच्या पोरीला उपाशी का मारायचं?" माया होती ती. घरात शिरा झाला, पाहुण्यांनी पेढे आणले, ओटीभरणाला पाच पक्वान्ने झाली. पाच आठवडे साखर कोणी मोजली नाही.

कळा सुरू झाल्याचा फोन आला आणि मी पहिल्या गाडीने निघाले. पोचले तेव्हा नर्सबाई कागद भरत होत्या. "आधीचा काही आजार? बीपी? शुगर?"

"काही नाही, देवाच्या दयेनं," विहीणबाई म्हणाल्या. त्या खोटे बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी लेकीला आजार नव्हताच.

कार्ड टेबलावर होते. "हे कानडीत आहे, आम्हाला वाचता येत नाही," म्हणून ते बाजूला सारलेले. मी ते उचलले आणि उभ्या उभ्या मराठीत वाचून दाखवले: सव्विसावा आठवडा, ग्लुकोजनंतर दोन तासांनी १६८. नर्सबाईंचा चेहरा बदलला. त्या लगबगीने आत गेल्या. थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर येऊन माझ्याकडून सगळे पुन्हा ऐकून गेले. मी काही फार मोठे केले असे नाही. नोकरीत कन्नडची परीक्षा सक्तीची होती, तेव्हा कुरकुर करीत शिकलेली बाराखडी त्या दिवशी उपयोगी पडली, एवढेच.

मुलगी झाली. साडेतीन किलोची, गुबगुबीत. विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी. आणि नेमकी हीच घडी जपायची असते. नाळ कापली की आईकडून येणारी साखर त्या क्षणी थांबते. पण बाळाच्या अंगात आठवडेच्या आठवडे जमलेली जास्त इन्सुलिनची सवय क्षणात थांबत नाही. ते इन्सुलिन बाळाच्या रक्तातली होती नव्हती ती साखर ओढून घेते. बाळ वरून गुटगुटीत आणि आतून रिकामे. कधी थरथरते, कधी नुसतेच सुस्त पडते, आणि घरचे म्हणतात, "शहाणं बाळ आहे, रडतच नाही."

नातीच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला. तासाभराने आकडा आला ३८. ४५ च्या खाली गेले की काळजी करायची. तोवर डॉक्टरांनी तिला आईच्या अंगावर लावलेच होते. विहीणबाईंची आई, वय ऐंशीच्या पुढचे, मधाचे बोट घेऊन तयार होती. पहिला चीक पिळून टाकायचा, मग तिसऱ्या दिवशी दूध, अशी तिची पिढी. मी तिचा हात धरला. "आजी, आज चीकच तिचं औषध आहे." ती काही बोलली नाही, पण बोट खाली घेतले. चार-चार तासांनी तपासत राहिले. दुसरा आकडा ४९, तिसरा ५६. चौथ्याला नर्सबाई हसल्या.

दाईने नाळ आणि वार ट्रेमध्ये नेली तेव्हा मी पाहून घेतले. माझ्या अंगठ्याहून जाड, चकचकीत, पाण्याने फुगलेली. भाच्याचे बोलणे आठवले; नुसत्या जाडीवरून निदान करायचे नसते. तरी त्या पाच आठवड्यांतल्या शिऱ्याची आठवण मला झालीच. मग ती पिवळ्या पिशवीत गेली.

इथे गोष्ट संपली असे सगळ्यांना वाटते. बाळ बरे, आई बरी, आता डिंकाचे लाडू. वार पडल्यावर आईची साखर बहुतेकींची खरोखरच उतरते. म्हणूनच पुढचे विसरायला होते. पण ज्या स्त्रीला एकदा गरोदरपणात साखर निघाली तिला पुढच्या आयुष्यात कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी हवी, आणि मग दरवर्षी एकदा. सवा महिन्याला देवदर्शन आपण चुकवत नाही, बारसे चुकवत नाही. या तपासणीची मात्र तिथी कोणाच्या पंचांगात नसते. बाळाच्या नाळेची चौकशी सगळे करतात, "पडली का गं?" म्हणून. जिच्या अंगातून ती नाळ निघाली तिची साखर कोणी विचारत नाही.

आणि उपचाराने फरक पडतो का? पडतो. ऑस्ट्रेलियात हजार स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात, जो २००५ साली प्रसिद्ध झाला, उपचार घेतलेल्या गटात बाळाला गंभीर इजा होण्याचे प्रमाण शेकडा एक राहिले. नेहमीसारखी देखभाल झालेल्या गटात ते शेकडा चार होते. आहार, मोजणी आणि लागले तर इन्सुलिन, एवढ्यावर हा फरक. आपल्या ज्वारी-तुरीच्या मुलखात यातले काहीच अप्राप्य नाही.

सहा आठवडे झाले त्या दिवशी विहीणबाईंचाच फोन आला. "विहीणबाई, पोरीला तपासायला कुठं न्यायचं? तुमच्याकडं का आमच्याकडं?" मी म्हटले, जिथे जवळ पडेल तिथे न्या, आकडा मात्र मला कळवा. आकडा चांगला आला. यंदाही आला.

तेव्हापासून मी एक काम अंगावर घेतले आहे. गल्लीतली कोणी गरोदर मुलगी सीमेपलीकडे जायला निघाली की तिच्या तायी कार्डाला एक चिठ्ठी टाचते. त्यात मराठीत चारच ओळी. साखर कोणत्या आठवड्यात तपासली. आकडा किती आला. बाळ झाल्यावर तासाभरात त्याची साखर तपासावी आणि लगेच अंगावर पाजावे. सहा आठवड्यांनी आईची तपासणी करावी. महाराष्ट्रातून सासरी कर्नाटकात येणाऱ्या मुलीसाठी याच ओळी कन्नडमध्ये. आजवर एक चिठ्ठी देवणीला गेली, एक अक्कलकोटला. परवा एका कन्नड घरातली सासू आली. सुनेला सोलापूरला नेणार होती. तिला मराठी वाचता येत नाही. तिने चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली, घडी घालून कार्डात ठेवली आणि विचारले, "इदोंदु कागद साकेन्री?" एवढा एक कागद पुरेल का?

पुरणार नाही, मी तिला तिच्याच भाषेत सांगितले. गेल्या गेल्या तोंडानेही सांगायचे, आणि बाळ झाल्यावर पुन्हा एकदा सांगायचे.